दोन वर्षांच्या हिशेबाने वजन कसे उतरवावे : नागपूरकर तरुणांसाठी मार्गदर्शक

मी चोविसाव्या वर्षी वजन उतरवायला सुरुवात केली तेव्हा ते ८६ किलो होते आणि माझी उंची १६० सेंटिमीटर आहे. पुढच्या सव्वीस महिन्यांत ते ६६ किलोवर आले आणि त्यानंतरचे दीड वर्ष ६६ ते ६८ किलोंच्या दरम्यान राहिले आहे. त्याआधी बाविसाव्या वर्षी मी ओळखीच्या एका ताईंच्या आग्रहाखातर, दोन वेळच्या जेवणाऐवजी पाकिटातली पावडर पाण्यात कालवून पिण्याची एक महागडी योजना पैसे भरून घेतली होती. चाळीस दिवसांत नऊ किलो उतरले, तिसऱ्या महिन्यात कंगव्यात केसांचे पुंजके येऊ लागले आणि वर्ष संपायच्या आत अकरा किलो परत आले. पहिल्या वेळी मी दीड महिन्याचा हिशेब केला होता, दुसऱ्या वेळी दोन वर्षांचा. पुढे जे काही सांगणार आहे, ते या दुसऱ्या हिशेबातून आलेले आहे.

हा लेख अठरा ते पस्तीस वयाच्या, नागपुरात घरी किंवा मेसचे जेवण खाऊन राहणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. आपण गरोदर असाल, बाळाला अंगावर पाजत असाल, मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेत असाल, मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा खाल्ल्यानंतर मुद्दाम उलटी काढण्याची अथवा दिवसेंदिवस उपाशी राहण्याची सवय पूर्वी कधी लागलेली असेल, तर खालील गोष्टी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

१. सुरुवात दवाखान्यापासून करा

बहुतेक जण आधी जिमचे पैसे भरतात आणि थकवा येऊ लागला की सहा महिन्यांनी रक्त तपासतात. हा क्रम उलटा करावा. वजन वाढण्यामागे थायरॉइडची कमतरता, मुलींमध्ये पीसीओएस (संप्रेरकांच्या असंतुलनामुळे पाळी अनियमित होण्याचा विकार) किंवा एखादे सुरू असलेले औषध कारणीभूत असू शकते. असे काही असेल, तर उपचारांशिवाय केलेली मेहनत फार हळू फळ देते आणि माणूस स्वतःलाच आळशी ठरवून मोकळा होतो.

आपल्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडे जा. खासगी खर्च परवडत नसेल, तर मेडिकल, मेयो किंवा मिहानमधील एम्स यांपैकी कोणत्याही सरकारी रुग्णालयात मेडिसिनच्या बाह्यरुग्ण विभागात दाखवता येते. सकाळी लवकर पोहोचावे, केसपेपरच्या रांगेतच बराच वेळ जातो. सर्वसाधारणपणे पुढील तपासण्या सांगितल्या जातात : रक्तदाब, हिमोग्लोबिनसह संपूर्ण रक्तगणना, उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), टीएसएच (थायरॉइडची तपासणी), लिपिड प्रोफाइल (रक्तातील चरबी), यकृताच्या तपासण्या, तसेच जीवनसत्त्व ड आणि बी१२. यांतल्या कोणत्या आवश्यक आहेत हे डॉक्टरांना ठरवू द्या. प्रयोगशाळांच्या जाहिरातींतले शंभर तपासण्यांचे पॅकेज घेण्याची गरज नसते. एचबीए१सी ५.७ टक्क्यांच्या खाली असेल तर ठीक, ५.७ ते ६.४ असेल तर मधुमेहाची पूर्वावस्था आणि ६.५ किंवा अधिक असेल तर मधुमेह समजला जातो. साखर आणि लिपिडसाठी दहा-बारा तास उपाशी राहायला सांगितले, तर साधे पाणी चालते, मात्र चहा चालत नाही.

दवाखान्यात जाताना आधार कार्ड, असल्यास आभा (सरकारी आरोग्य खात्याचा) क्रमांक, जुने सर्व रिपोर्ट, सुरू असलेल्या औषधांची यादी आणि मुलींनी मागील सहा महिन्यांतील पाळीच्या तारखा लिहून न्याव्यात. आई-वडील, काका-आत्या यांच्यापैकी कोणाला मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार आहे, हेही घरी विचारून घ्या. ही माहिती आयत्या वेळी आठवत नाही आणि डॉक्टरांच्या दृष्टीने ती फार महत्त्वाची असते.

२. घरी लागणारे साहित्य

एक डिजिटल वजनकाटा, शिंप्याकडे असते तशी मापाची टेप, स्वयंपाकघरात ठेवण्याजोगा पाच किलोपर्यंतचा छोटा काटा, चहाचे दोन चमचे, एक शंभर पानी वही आणि टाचेला आधार देणारे चालण्याचे बूट एवढ्या गोष्टी पुरतात. मनगटावरचे घड्याळ, ॲप आणि मिक्सरची बाटली नंतर वाटल्यास घ्या.

काट्याबद्दल एक सूचना आहे. तो कायम एकाच जागी, कडक आणि सपाट फरशीवर ठेवा. आमच्या घरातल्या जुन्या शहाबादी फरशीवर तोच काटा चार ठिकाणी ठेवला, तर माझ्या वजनात सव्वा किलोपर्यंत फरक दिसत असे. हे लक्षात येईपर्यंत मी दोन आठवडे विनाकारण कधी आनंदात तर कधी काळजीत घालवले. शेवटी फरशीवर खडूने चार खुणा केल्या आणि काट्याचे चार पाय रोज त्याच खुणांवर ठेवले.

कमरेचे मापही घ्यायला शिका. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध टेप धरून, श्वास सहज सोडल्यावर, पोट आत न ओढता माप घ्यावे. भारतीयांसाठी पुरुषांमध्ये ९० आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानली जाते. बीएमआय, म्हणजे किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, आपल्याकडे २३ च्या पुढे गेला की जास्त वजन आणि २५ च्या पुढे गेला की लठ्ठपणा समजतात. परदेशी तक्त्यांत हे आकडे २५ आणि ३० असे दिसतील. आपली शरीरयष्टी सारख्याच वजनाला पोटात अधिक चरबी साठवते, म्हणून आपल्या रेषा अलीकडे आहेत.

३. पहिले तीन आठवडे काहीही बदलू नका, फक्त लिहा

ही पायरी बहुतेकांना सहन होत नाही, कारण उत्साह पहिल्याच आठवड्यात सर्वाधिक असतो. तरीही माझा आग्रह आहे की तीन आठवडे नेहमीसारखेच जेवावे आणि जे तोंडात गेले ते वहीत लिहावे. पोळ्या किती, भाताच्या वाट्या किती, चहात साखरेचे चमचे किती, कार्यालयात कोणी पुढे केलेली बर्फी, भाजी चिरताना खाल्लेले फल्लीदाणे, रात्री उरलेला भात वाया जाऊ नये म्हणून संपवलेला घास, सगळे लिहावे. सोबत झोपेची वेळ आणि त्या दिवशीची मनःस्थिती दोन शब्दांत टिपावी.

माझ्या वहीत तीन गोष्टी उघड झाल्या. मी दिवसाला पाच कप चहा घेत होते आणि प्रत्येकात दोन चमचे साखर होती. एक चमचा चार-पाच ग्रॅमचा धरला, तर केवळ चहातून चाळीस-पन्नास ग्रॅम साखर होत होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना दिवसभराच्या वरच्या साखरेसाठी २५ ते ३० ग्रॅमची मर्यादा सांगतात. दुसरी गोष्ट अशी की दुपारी डबा नीट खाल्ला नाही, त्या प्रत्येक दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमारास मी समोसा किंवा कचोरी खाल्ली होती. तिसरी गोष्ट झोपेची होती. रात्री एकनंतर झोपल्यावर दुसऱ्या दिवशीचे पान हमखास भरलेले असे. झोप कमी झाली की भूक वाढवणारी संप्रेरके वाढतात आणि पोट भरल्याची जाणीव मंदावते, हे वाचून माहीत होते, पण स्वतःच्या अक्षरात पाहिल्यावर ते पटले. सात ते नऊ तासांची झोप हा या कामाचाच भाग आहे.

४. गणित एकदा समजून घ्या आणि लक्ष्य लहान ठेवा

शरीराला विश्रांतीत लागणारी ऊर्जा काढण्याचे एक प्रचलित सूत्र असे आहे : वजनाला १० ने गुणा, त्यात उंचीला (सेंटिमीटरमध्ये) ६.२५ ने गुणून आलेली संख्या मिळवा, वयाला ५ ने गुणून ती वजा करा, आणि शेवटी पुरुषांनी ५ मिळवावेत व स्त्रियांनी १६१ वजा करावेत. माझे उत्तर सुमारे १,५८० आले. दिवसभर खुर्चीवर बसून काम असल्यास त्याला १.२ ने गुणतात, म्हणजे माझी रोजची गरज सुमारे १,९०० कॅलरी झाली. त्यातून ३०० ते ५०० वजा करावेत, त्यापेक्षा अधिक नाही. डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञांच्या देखरेखीविना दिवसाला १,२०० कॅलरींच्या खाली कधीही जाऊ नका.

एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. रोज ४०० ची तूट धरली, तरी आठवड्याला साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास उतरतात. पहिल्या पंधरा दिवसांत दोन-तीन किलो एकदम कमी झालेले दिसतील, पण त्यात मोठा वाटा पाण्याचा असतो. स्नायूंत आणि यकृतात साठवलेल्या शर्करेसोबत तिच्या तिपटीच्या आसपास पाणी धरलेले असते आणि साठा घटला की तेही निघून जाते. 'महिन्यात दहा किलो' म्हणणाऱ्या जाहिराती याच पंधरवड्याच्या भांडवलावर चालतात.

पहिले लक्ष्य आपल्या वजनाच्या पाच ते दहा टक्के एवढेच ठेवा आणि त्यासाठी सहा महिने द्या. एवढ्यानेही रक्तदाब, साखर आणि यकृतातील चरबी यांत सुधारणा होते. अतिशय वेगाने वजन उतरवल्यास पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो आणि दोन-तीन महिन्यांनी केस गळतात. माझ्या बाबतीत दुसरी गोष्ट घडली होती आणि त्या वेळी कारण न कळल्यामुळे मी महागडी तेले विकत घेत राहिले.

५. तेलाच्या डब्यावर तारीख लिहा

या लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. आमच्या घरी आई, बाबा, आजी आणि मी अशी चार माणसे आहेत. पाच लिटरचा तेलाचा नवा डबा उघडला, त्या दिवशी मी झाकणावर मार्करने तारीख लिहिली. बरोबर विसाव्या दिवशी आईने डबा उलटा करून शेवटची धार किटलीत निथळत ठेवली. पाच लिटर तेल साधारण ४,५५० ग्रॅम भरते. ते चार माणसे आणि वीस दिवस यांत वाटले, तर माणशी रोज ५७ ग्रॅम होतात. कढईत उरून फेकलेले तेल वजा केले, तरी पन्नासच्या खाली आकडा जात नव्हता. राष्ट्रीय पोषण संस्थेचा २,००० कॅलरींचा नमुना आहार दिवसाला सुमारे २७ ग्रॅम तेल-तूप सुचवतो. एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी असतात. म्हणजे आम्ही प्रत्येक जण रोज अडीचशेच्या वर, महिन्याला आठ हजारांच्या आसपास कॅलरी केवळ फोडणीतून अधिक घेत होतो, आणि हे एक किलो चरबीएवढे झाले.

हा हिशेब मी कागदावर मांडून घरच्यांना दाखवला. 'तेल कमी घालत जा' असे मी त्याआधी अनेकदा म्हटले होते आणि त्याचा अर्थ आईला स्वाभाविकपणे आपल्या हाताच्या चवीवरचा आक्षेप असा लागत होता. आकडा पाहिल्यावर तिनेच किटली कपाटात ठेवली आणि चहाचा चमचा बाहेर काढला. चौघांच्या भाजीला चार चमचे, वरणाच्या फोडणीला दोन, असा तिचा नियम ठरला. मग आजीने सुचवले की कढईवर खोलगट ताटली ठेवून तिच्यात पाणी ओतावे आणि भाजी त्या वाफेवर शिजू द्यावी, म्हणजे ती कमी तेलातही खाली लागत नाही. ताटलीतले पाणी कोमट झाले की तेच भाजीत घालायचे. वांगी, कोहळे, चवळीच्या शेंगा, सगळ्यांना ही पद्धत मानवते. झुणक्याला तेल लागतेच. त्याला हात आखडता घेतला तर तो कोरडा होऊन घशाला टोचतो, म्हणून झुणका आठवड्यातून एकदाच, पण व्यवस्थित करायचा असे ठरले. तळण महिन्यातून दोनदा. तिसऱ्या महिन्यात डबा पस्तीस दिवस पुरला, म्हणजे माणशी सुमारे ३२ ग्रॅम. मी तोपर्यंत साडेचार किलो उतरले होते, आणि माझ्यासाठी वेगळा स्वयंपाक एकदाही करावा लागला नव्हता.

येथे एक सापळा आहे. जवसाचे तेल, लाकडी घाण्याचे तेल किंवा साजूक तूप आरोग्याला चांगले म्हणून भरपूर घ्यावे, असे अनेकदा सांगितले जाते. त्यांचे गुण निरनिराळे असतील, पण कॅलरींच्या बाबतीत सर्व तेले सारखीच आहेत.

६. ताट पुन्हा मांडा

पोळी, भात किंवा बटाटा बंद करण्याचा सल्ला मी देणार नाही. जे आपल्या घरात आयुष्यभर शिजणार आहे, ते सहा महिन्यांसाठी सोडले, तर सातव्या महिन्यात ते दुप्पट वेगाने परत येते. प्रमाण मात्र बदलावे लागेल. ताटाचा अर्धा भाग भाजी, कोशिंबीर आणि पालेभाजीने भरा, पाव भागात वरण, उसळ, अंडी किंवा मासे-चिकन आणि उरलेल्या पाव भागात पोळी किंवा भात ठेवा. कोशिंबीर आणि भाजी आधी निम्मी संपवून मग पोळीला हात लावला, तर तिसऱ्या पोळीची आठवण येत नाही.

ज्वारीची भाकर ही पोळीपेक्षा हलकी, असे समजून दोन भाकरी खाणारे अनेक जण मला भेटले. भाकर उत्तमच आहे, तिच्यात तंतू अधिक आहेत, पण स्वयंपाकघरातल्या काट्यावर पीठ मोजून पाहा. आमच्या घरची एक भाकर पासष्ट ग्रॅम पिठाची निघाली आणि पोळी तीस ग्रॅमची. म्हणजे एक भाकर दोन पोळ्यांच्या बरोबरीची धरायला हवी.

प्रथिनांकडे विशेष लक्ष द्या, कारण भूक लांबवण्याचे आणि वजन उतरताना स्नायू राखण्याचे काम ती करतात. निरोगी प्रौढासाठी रोज प्रतिकिलो वजनामागे ०.८३ ग्रॅम ही राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस आहे. वजन उतरवताना थोडी अधिक घ्यावीत की नाही, हे आपल्या आहारतज्ज्ञांना विचारा. दोन अंड्यांतून बारा-तेरा ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमधून अठराच्या आसपास, तीस ग्रॅम कोरड्या सोयावड्यांतून पंधरा आणि एक वाटी घट्ट वरणातून सहा-सात ग्रॅम मिळतात. आपल्याकडचे वरण बहुधा इतके पातळ असते की वाटीभर पिऊनही प्रथिने हाती फारशी लागत नाहीत. ते घट्ट करा, एवढी साधी सुधारणा पुष्कळ उपयोगी पडते.

संत्र्यांच्या हंगामात गाडीवरचा रस पिण्याऐवजी संत्रे सोलून खा. एका मध्यम संत्र्यात साठच्या आसपास कॅलरी असतात आणि चोथ्यासह खाल्ल्यास एक-दोनांत समाधान होते. रसाच्या पेल्यात तीन-चार संत्री जातात आणि पोट रिकामेच राहते. संत्रा बर्फी ही मिठाई आहे, तिची गणना फळात करू नये.

७. तर्री-पोहे, सावजी आणि मेस

नागपुरात राहून तर्री-पोहे सोडणे मला जमले नाही आणि ते आवश्यकही नाही. रविवारी सकाळी एक प्लेट, तर्री वरवरचा तवंग बाजूला सारून चण्यांसह घ्यायची, वर शेव घालू द्यायची नाही आणि त्या दिवशी दुसरा नाश्ता करायचा नाही, असा माझा नियम आहे. सावजीच्या रश्श्यालाही हेच लागू आहे : तुकडे खावेत, रस्सा भाकरीला लावण्यापुरता घ्यावा, त्यात भात कालवू नये.

मेसमध्ये जेवणाऱ्यांची अडचण खरी आहे, कारण तेलाचा चमचा त्यांच्या हातात नाही. त्यांनी मेसच्या काकूंना विनंती करून आपल्या पोळ्यांना तेल न लावण्याचे सांगावे, सुकी भाजी वरच्या बाजूने घ्यावी, आणि खोलीवर उकडलेली अंडी, भाजलेले चणे, काकडी, टमाटर आणि दही ठेवावे. एवढे पाच पदार्थ असले, की मेसमधला दुसरा भात सहज टाळता येतो.

८. चालणे, आणि नागपूरचे ऊन

पहिल्या महिन्यात दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर दहा-दहा मिनिटे चाला, एवढेच पुरे. मग दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवते. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, असा वेग मध्यम समजावा. ऐंशी किलोच्या माणसाने पाच किलोमीटर चालल्यास अडीचशेच्या आसपास कॅलरी खर्च होतात आणि परतताना खाल्लेला एक समोसा तेवढ्या सहज परत देतो. म्हणून मी तेलाचा डबा आधी आणि चालणे नंतर सांगितले.

फुटाळ्याचा रस्ता, अंबाझरी परिसर, महाराजबाग आणि सक्करदरा तलावाकडची बाजू येथे सकाळी सोबत चालणारी माणसे मिळतात. सेमिनरी हिल्सचा चढ सुरुवातीला टाळा. जड शरीराचा भार उतारावर गुडघ्यांवर येतो, तेथे तीन-चार महिन्यांनी जावे. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत पारा कधी कधी ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा सकाळी साडेसहाच्या आत घरी परतावे किंवा रात्री जेवणानंतर चालावे. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापणाऱ्या नऊ दिवसांत मी घरातच कूलरसमोर एका जागी पावले टाकली आहेत. उन्हातून आल्यावर उसाचा रस किंवा लस्सी घेण्याची इच्छा प्रबळ होते, म्हणून घरून निघतानाच मीठ-जिरे घातलेले पातळ ताक बाटलीत भरून न्यावे. भोवळ, मळमळ, डोके जड होणे किंवा घाम थांबणे यांपैकी काही जाणवल्यास ताबडतोब सावलीत थांबा आणि मदत घ्या.

९. ताकदीचा व्यायाम आणि जिमचा करार

आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम हवा, अन्यथा चरबीबरोबर स्नायूही घटतात. सुरुवात घरी करता येते : खुर्चीवरून हात न टेकवता उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून दंड, सेतुबंधासन (पाठीवर झोपून, पाय दुमडून कंबर उचलणे) आणि पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे. प्रत्येकी दहाच्या दोन फेऱ्या पुरेत. मेट्रोने जाणाऱ्यांनी स्थानकावर सरकता जिना सोडून पायऱ्या घ्याव्यात.

जिमला जायचेच असेल, तर आधी एका महिन्याचेच पैसे भरा. मी एका ठिकाणी सवलतीच्या मोहाने वर्षाचे पैसे भरले होते. दोन महिन्यांनी कामाची वेळ बदलली आणि पैसे परत मिळाले नाहीत, कारण पावतीच्या मागे तसे बारीक अक्षरांत छापलेले होते. पावतीची मागची बाजू वाचा, आपण ज्या वेळी जाणार त्याच वेळी एकदा जाऊन गर्दी पाहा, आणि पहिल्याच दिवशी पावडरचा डबा विकायला सुरुवात करणाऱ्या प्रशिक्षकापासून सावध राहा. 'फॅट बर्नर' म्हणून मिळणाऱ्या गोळ्या कोणत्याही परिस्थितीत घेऊ नका.

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांविषयी आता सगळेच विचारतात. टिर्झेपॅटाइड आणि सेमाग्लुटाइडची वजनासाठीची इंजेक्शने २०२५ मध्ये भारतात उपलब्ध झाली. ही खरी औषधे आहेत आणि योग्य रुग्णाला त्यांचा उपयोग होतो, पण ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायची असतात आणि बंद केल्यावर वजन परत वाढण्याची शक्यता मोठी असते. मित्राच्या ओळखीतून, बिलाशिवाय मिळणारे इंजेक्शन घेऊ नये.

१०. काटा थांबतो तेव्हा

रोज सकाळी, शौचानंतर आणि काही खाण्यापूर्वी वजन घेऊन ते वहीत लिहा, पण पाहायची ती केवळ आठवड्याची सरासरी. आदल्या रात्री खारट जेवण झाले, पाळी जवळ आली किंवा पोट साफ झाले नाही, तर एक-दीड किलो सहज वाढलेले दिसतात. रोजचा आकडा पाहून मन खट्टू होत असेल, तर आठवड्यातून एकदाच वजन करा.

पाचव्या ते आठव्या महिन्यात माझा काटा नऊ आठवडे ७७ वर थांबला होता. त्या काळात कमरेचे माप तीन सेंटिमीटर कमी झाले, हे वहीमुळेच कळले. शरीर लहान झाले की त्याची गरजही घटते. ६६ किलोला माझी रोजची गरज १,९०० वरून १,६५० च्या आसपास आली आहे. म्हणून दर पाच किलोंनंतर चौथ्या पायरीतले गणित नव्याने करा, तीन दिवस सर्व पदार्थ पुन्हा मोजा (अंदाजाची वाटी नकळत मोठी होत जाते), आणि तरीही काटा हलत नसेल, तर एक महिना वजन उतरवण्याचा प्रयत्न थांबवून आहे तेवढेच राखा. हा विराम मला फार उपयोगी पडला.

आणि एखाद्या दिवशी खाण्यावरचा ताबा पूर्ण सुटला, तर दुसऱ्या दिवशी उपास करून भरपाई करू नका, नेहमीचा नाश्ता करा. असे वारंवार होत असेल, खाल्ल्याची लाज वाटून लपवावे लागत असेल, किंवा आरशासमोर उभे राहणे असह्य होत असेल, तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. मी आरशापासून तोंड लपवण्याच्या त्या अवस्थेतून गेले आहे आणि कोणाशी तरी बोलायला एक वर्ष उशीर केला, याची मला खंत आहे.

११. महालक्ष्म्या, दिवाळी आणि लग्नसराई

आमच्याकडे महालक्ष्म्यांच्या जेवणात सोळा भाज्या, पुरणपोळी, कढी, वडे आणि आंबील असते. त्या पंगतीत बसून काकूंना कॅलरी सांगणे योग्य नाही. वर्षातले असे पंधरा-वीस दिवस आधीच दिनदर्शिकेवर खूण करून बाजूला काढा आणि त्या दिवशी पोटभर, आनंदाने जेवा. काळजी घ्यायची ती त्यानंतरच्या चार दिवसांची, कारण डबाभर उरलेले पुरण आणि पाहुण्यांनी आणलेली मिठाई तेव्हाच संपवली जाते. दुसऱ्याच दिवशी ती शेजारी आणि कामावर येणाऱ्या मावशींना द्या. आग्रह करणाऱ्यांना 'डाएट सुरू आहे' असे सांगितल्यास चर्चा वाढते. 'आत्ताच झाले, थोड्या वेळाने घेते' एवढे पुरते.

१२. उतरलेले वजन राखणे

ठरवलेल्या वजनाला पोहोचलात की आहारात दर पंधरा दिवसांनी शंभर कॅलरींची, म्हणजे एका पोळीची, वाढ करा आणि सरासरी स्थिर राहते का ते पाहा. मग एक वरची रेषा ठरवा. माझी ६८ आहे. आठवड्याची सरासरी तिच्यावर गेली, की त्याच आठवड्यापासून वही पुन्हा रोज भरायची, पुढच्या महिन्यावर ढकलायचे नाही. गेल्या दीड वर्षात मला असे चार वेळा करावे लागले, प्रत्येक वेळी तीन ते पाच आठवडे लागले. पहिल्या पायरीतील ज्या तपासण्या बिघडलेल्या आल्या होत्या, त्या डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने पुन्हा करा आणि जुन्या रिपोर्टशेजारी त्याच फाइलमध्ये लावा. आमच्या घरात तेलाच्या प्रत्येक नव्या डब्यावर आता आई स्वतःच तारीख लिहिते. या वेळचा डबा ३ तारखेला उघडला आहे आणि तो पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत पुरायला हवा.